बियाण्याच्या पोत्यातलं कार्ड

प्रल्हाद, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला माणूस बक्कळ आला होता. केनवडचं अर्धं गाव, किन्हीराजाहून सासुरवाडीची सगळी फौज, मालेगावहून आम्ही. चार जण बोलले. एकानं तुला शांत स्वभावाचा म्हटलं, तेव्हा मी शोभाकडं पाहिलं आणि तिनं माझ्याकडं. दुसरा म्हणाला, प्रल्हादभाऊंनी आयुष्यात कोणाशी वाद घातला नाही. मला ठसकाच लागला. मग माझ्याशी इतकी वर्षं जो भांडला तो कोण होता बाबा? मलाही बोला म्हणाले. मी हात जोडले. मला बोलायचं होतं ते तुझ्याशी, आणि फोटोपुढं माईक धरून तुला झापणं बरं दिसलं नसतं.

म्हणून इथं झापतो.

आपण साडू. तुझी कांताअक्का थोरली, माझी शोभा धाकटी. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला भेटलो तेव्हा मी तुला 'तुम्ही' म्हटलं, तर तू अंगणात सगळ्यांदेखत म्हणालास, "अबे, साडू साडूले तुमी म्हणते काय? आपुन दोघंबी एकाच मालकाचे फसलेले गिऱ्हाईक." सासरे समोरच बसले होते. ते हसले म्हणून मीही हसलो. त्या दिवसापासून तू मला नावानं कधी हाक मारली नाहीस. मी एसटी डेपोत मेकॅनिक, म्हणून 'मेकॅनिक'. शोभाला फोन केलास तरी "मेकॅनिक आहे काय घरी?" असंच विचारायचास. आता घरातला फोन वाजला की नावानंच विचारतात सगळे. सवय व्हायला वेळ लागेल.

तुझं माझं भांडण कशावरून पेटायचं याला काही धरबंध नव्हता. सासऱ्यांनी मटणाचा चांगला तुकडा कोणाच्या ताटात वाढला इथपासून ते कोणत्या नेत्याचं भाषण खरं इथपर्यंत. पण शेवटच्या वर्षी एकच भांडण उरलं, आणि ते अर्धं टाकून तू निघून गेलास. रीत नव्हे ही.

माझी ती पॉलिसी होती ना, पगारातून कापली जाणारी. तिच्यावरून तू मला किती छळलंस! मी म्हणायचो, माणसानं दुखण्याची तजवीज आधी करावी. तू म्हणायचास, "तुयी पॉलिसी म्हंजे भाकड म्हैस हाय. चारा टाकत राह्य, शेण काढत राह्य." शोभाला डेंग्यू झाला आणि वाशीमला खाजगी दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा काउंटरवरच्या माणसानं पॉलिसीचं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि आधी पैसे भरा, मंजुरी येईल तेव्हा येईल म्हणाला. तुला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. तू एक शब्द बोलला नाहीस. रोज सकाळी दुधाच्या गाडीत बसून केनवडहून भाकरीचा डबा घेऊन यायचास. सिस्टरनं विचारलं, आपण पेशंटचे कोण, तर म्हणालास, "भाऊ." साडू म्हणजे कोण हे समजावत बसायला तुला वेळ नव्हता, असं तू नंतर मला सांगितलंस. मी तेव्हा तुला काही म्हणालो नाही. आज म्हणतो. त्या आठवड्यात तू नसतास तर मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो असतो.

मग मी रिटायर झालो. पगार थांबला, पॉलिसीचा हप्ता मात्र दर वर्षी अंगात आल्यासारखा वाढत गेला. वय वाढलं म्हणून वाढला, शुगर निघाली म्हणून वाढला, आणि वरून शुगरमुळे होणाऱ्या दुखण्याला काही काळ पैसे मिळणार नाहीत म्हणे. म्हणजे जे दुखणार आहे तेवढं सोडून बाकी सगळ्याचा विमा. मी सोडून दिली. हे तुला कळलं त्या दिवशी तू मालेगावच्या स्टँडसमोर दोन चहा सांगितलेस आणि हॉटेलवाल्याला म्हणालास, "आज पैसे माये. यायची म्हैस मेली."

हे सगळं मी सहन केलं. तुझ्याकडं घरातल्या सगळ्यांच्या फुकट इलाजाचं सरकारी योजनेचं कार्ड होतं, त्याच्या जोरावर तू उडत होतास हेही सहन केलं. मला काय ठाऊक, तू ते कार्ड वापरणारच नाहीस म्हणून!

छातीत दुखायचं हे तू पहिल्यांदा शेतात कोणाला सांगितलंस ते मला माहीत नाही. मला तू सांगितलंस ते असं की, "चढावर गाडी दम टाकते मेकॅनिक, कारब्युरेटर पाहा लागते." मी म्हटलं, कारब्युरेटर नाही, प्लग गेला तुझा, चल. रिसोडच्या डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली, ती पाहिली, आणि अकोल्याला जा म्हणाला. मेडशी, पातूर करत आपण गेलो. गाडीत तू खिडकीतून दुसऱ्यांच्या सोयाबीनला नावं ठेवत होतास. अकोल्याला त्यांनी हातातून तार घालून तपासलं आणि डॉक्टरनं कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. तीन ठिकाणी रस्ता बंद. बायपास करावा लागेल, लांबवू नका, कार्डावर होऊन जाईल, म्हणाला. मला केवढं हायसं वाटलं! आमच्या डेपोतला एक जण याच ऑपरेशनपायी वावर विकून बसला होता, आणि इथं माझ्या साडूचं कार्डावर होणार होतं.

तू म्हणालास, "पाहू. सोयाबीन निघू द्या."

घरी आल्यावर आठ दिवस पाहुणेच पाहुणे. आपल्याकडं आजारी माणसाला पाहायला जायचं म्हणजे निम्मं लग्नच. जीप भरून माणसं यायची, प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि सफरचंदं. कांताअक्का चहा करून करून थकली. तू फळाला हात लावेनास, म्हणून सफरचंदं मी खाल्ली. तू खाटेवर बसून एकेकाला सांगत होतास, "काई नाई, गॅस हाय." तीन रस्ते बंद, आणि याला गॅस!

सोयाबीन निघालं. कापलेल्या पिकाची सुडी लागली, मळणी झाली. मी आलो आणि म्हटलं, चल. तेव्हा तू मला आतल्या खोलीत नेलंस. तिथं तुझं बियाण्याचं पोतं होतं. दर वर्षी सगळ्यात भारी दाणा तू वेगळा काढायचास, सावलीत वाळवायचास, पोत्यावर पोतं रचू द्यायचा नाहीस. ओल्या गोणपाटात मूठभर दाणे गुंडाळून उगवण पाहायचास. घरात कितीही नड आली तरी त्या पोत्याला हात नाही लागायचा. तुझ्या राहुलच्या लग्नातसुद्धा नाही लागला. तू त्या पोत्याची गाठ सोडलीस, दाण्यात कोपरापर्यंत हात घातलास आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड वर काढलंस.

"हे पाह्य," म्हणालास. "हे असं ठेवा लागते."

मी म्हटलं, "कार्ड काय पेरायचं आहे काय?"

"तुले नाई समजणार. तू नोकरदार मानूस. प्रज्ञाले दिवस गेले हाय."

प्रज्ञा म्हणजे तुझी सून, राहुलची बायको. दोनदा तिचं पोट रिकामं झालं होतं, हे मला माहीत होतं. या खेपेला सगळं घर तिला पाण्याचा हंडासुद्धा उचलू देत नव्हतं. तू म्हणालास, "तिचं उद्या सिझर करा लागलं, लेकरू काचंत ठेवा लागलं, तं मंग? या म्हाताऱ्याच्या छातीवर सारं कार्ड खर्चून बसू काय मी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुला वाटत होतं कार्ड एकदाच. पेरलं की गेलं. मी तुला समजावलं, कागद काढून समजावलं, अरे बाबा, हे दर वर्षी नवं भरतं. यंदा तू वापर, पुढच्या साली पुन्हा पूर्ण. आणि तिचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात तसंही फुकट होतं. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "बियाणंबी दर वर्षी येते बजारात. इकत."

तरी मी सोडलं नाही. अकोल्याला पुन्हा नेलं तुला, योजनेच्या टेबलावर गळ्यात ओळखपत्र घालून बसलेल्या पोरीसमोर उभं केलं. ती बिचारी गोड बोलली, "काका, दर वर्षी नवीन मिळतं, काळजी करू नका." तू तिला "हो बाई, हो बाई" केलंस, नमस्कार केलास, आणि बाहेर येऊन मला म्हणालास, "तिले पगार भेटते थे बोलाचा." मी भडकलो. चारचौघांत ओरडलो तुझ्यावर. तू तोंड धुतलंस आणि मला पिकविम्याची गोष्ट सांगितलीस. सुडी पावसात कुजली होती त्या वर्षीची. विम्याचा माणूस आला, बांधावर उभा राहिला, फोटो काढले, कुजलेल्या शेंगा हातात धरून तुझाही फोटो काढला, आणि 'मिळून जाईल काका' म्हणून गेला. मिळालं काय? "त्याच्याबी गयात असंच ओळखपत्र होतं," तू म्हणालास.

तेव्हा मला तुझा राग आला होता. आता विचार करतो, तर तुझं डोकं काही बिघडलेलं नव्हतं. कागदावरचं आश्वासन हातात येतं तेव्हाच खरं, हे तुला वावरानं शिकवलं होतं. तू चुकत होतास, पण अक्कल गहाण ठेवून चुकत नव्हतास. त्यामुळंच तर मला जिंकता येत नव्हतं. मूर्खाला हरवता येतं.

आणि फुकट फुकट म्हणतात तेही काही साधं नव्हतं. ऑपरेशन कार्डावर, पण अकोल्याला जायची गाडी कार्डावर नाही. सोबत राहणाऱ्याचं जेवण नाही. राहुलचा रोज बुडतो तो नाही. घरी आल्यावरच्या गोळ्या, त्या तर जन्माच्या. हे मी डेपोतल्या माझ्या मित्रांना सांगतो तर म्हणतात, मग काय झालं, मोठं तर फुकट होतं ना? होतं. पण मोठ्यापर्यंत पोचायला जे लहान लहान लागतं, तिथंच आपल्या माणसाचं घोडं अडतं. तू हे कधी तोंडानं बोलला नाहीस. मी शेवटी म्हटलं की गाडीचं मी पाहतो, तर केवढा रुसलास! आठवडाभर फोन उचलला नाहीस.

पुढं प्रज्ञा बाळंत झाली. वाशीमला, सरकारी दवाखान्यात, नीट, सिझर न करता. पोरगी झाली. काचेत ठेवायचं काम पडलं नाही, आणि तुझं कार्ड पोत्यातच राहिलं. तू मला फोन केलास, "मेकॅनिक, आजा झालो! पोट्टीचं नाक मायावर गेलं, बाकी बरी हाय." मी पेढे घेऊन आलो आणि पेढा तुझ्या तोंडात घालता घालता म्हटलं, आता? आता तर सबब नाही ना?

तू नातीकडं पाहिलंस. म्हणालास, "एवढुसं लेकरू हाय. याचं काय सांगता येते?"

मी पेढ्याचा डबा तिथंच ठेवून उठलो. दारात अक्का उभी होती. ती मला म्हणाली, "भाऊ, तुमी तरी सांगा ना त्यायले." मी म्हटलं, "अक्का, तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतो तो." तिनं मान हलवली आणि पदरानं डोळे पुसले. तुझ्या घरात सगळ्यांच्या न आलेल्या दुखण्यासाठी कार्ड राखून ठेवलेलं होतं. जे दुखणं खरंच आलं होतं ते तेवढं तुझं, आणि त्याच्या नावानं काहीच नव्हतं.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. हळद शिजवायला लावली होती तू. मी पुन्हा तेच काढलं. तू म्हणालास, "आता फोनवर नको. इतवारी येतो मालेगावले, मंग भांडू. शोभाले सांग, ठेचा करून ठेव." शोभानं ठेचा केला होता. तू शुक्रवारीच गेलास. राहुल सांगतो, हळदीच्या ढिगाजवळ बसलास, पाणी मागितलंस, आणि तो पाणी घेऊन येईपर्यंत आडवा झालेला होतास. त्यानं आणि शेजारच्यानं मोटरसायकलवर मधोमध बसवून तुला रिसोडला नेलं. डॉक्टरनं बाहेर येऊन नुसती मान हलवली. तुझ्या हातापायांवर हळद होती. अंघोळ घालतानाही पुरती निघाली नाही.

मी रडलो नाही, खरं सांगतो. लोक म्हणतात माझं काळीज घट्ट आहे. घट्ट कसलं. मला राग आला होता, आणि रागात माणसाला रडू येत नाही. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी थोडं आलं. मिरवणुकीत तू दरसाल माझा हात धरून नाचायला ओढायचास आणि मी दरसाल 'सोड, पाय दुखतात' म्हणायचो. यंदा कोणी ओढलं नाही. पाय दुखले तरी चाललं असतं.

आता ज्यासाठी हे सगळं मांडलं ते सांगतो. परवा कांताअक्काचं ऑपरेशन झालं.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी शोभा तिला न्हाऊ घालत होती, तेव्हा तिच्या हाताला गाठ लागली. छातीत. चांगली लिंबाएवढी. शोभानं विचारलं, कधीपासून? अक्का म्हणाली, दिवाळीच्या आधीपासून. शोभा ओरडलीच तिच्यावर. तर अक्का म्हणते, "आधी त्यायचं होऊ द्यावं म्हटलं. मी सांगतलं असतं तं त्यायनं कार्ड मलेच देल्लं असतं."

प्रल्हाद, ऐकलंस ना? ती तुझ्यासाठी थांबली होती. दारात उभी राहून डोळे पुसत होती, तेव्हा तिच्या अंगात ती गाठ होती. आणि तू आत बसून सगळ्यांसाठी थांबला होतास. एकाच घरात, एकाच चुलीवरची भाकरी खाऊन, दोघंही एकमेकांना वाट करून देत उभे, आणि कार्ड पोत्यात. शोभानं मला हे सांगितलं तेव्हा मी उठून बाहेर गेलो आणि स्कूटर पुसत बसलो. ती पुसायची गरज नव्हती.

गाठीचा तुकडा तपासून झाला. डॉक्टर म्हणाला, गाठ वाईट आहे, पण अजून वेळ गेलेली नाही. काढून टाकू, पुढची औषधं देऊ, कार्डावर होईल. आणि अक्का काय म्हणाली असेल? "माया लेकराच्या लेकरासाठी राहू द्या." तुझीच बायको ती! मी समजावलं. राहुलनं समजावलं. प्रज्ञा तर पाया पडली, म्हणाली, "आत्याबाई, मामाजी गेले, आता तुमी नका असं करू." ती ढिम्म. मी म्हटलं, अक्का, दर वर्षी नवं भरतं ते. ती म्हणाली, "तुमी दोघं साडू बोलण्यातच हुशार."

तरी कसंबसं गाडीत घालून अकोल्याला आणलं. त्याच टेबलावर तीच पोरगी. तिनं कार्ड पाहिलं, मशीनमध्ये पाहिलं, आणि म्हणाली, "यातलं काहीच वापरलेलं नाही काका. पूर्ण शिल्लक आहे." मग अक्काकडं वळली आणि तुला सांगितलं होतं तेच सांगायला लागली. अक्कानं तिचं ऐकलंच नाही. ती माझ्याकडं वळली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं सरळ नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं.

"भाऊ, खरं सांगा. त्यायनं हे कोनासाठी ठेवलं होतं?"

वर्षभर घोकलेलं उत्तर माझ्या ओठावर होतं. की कोणासाठीच ठेवायची गरज नव्हती अक्का. की ते दर सालचं आहे, संपत नाही, त्याची समजूत चुकली आणि त्या समजुतीपायी तो गेला. सगळं खरं होतं, आणि ते खरं ठरवायला समोर ती पोरगी, ते मशीन, सगळा पुरावा मांडून ठेवलेला होता. तुझ्या विरुद्ध इतकी पक्की बाजू मला कधी मिळाली नव्हती.

मी म्हटलं, "तुमच्यासाठी, अक्का. मला स्वतः बोलला तो. म्हणाला, कांताले कधी लागलं तं असावं."

ती पोरगी माझ्याकडं पाहायला लागली. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

अक्का उठली, पदर सारखा केला, अंगठा पुढं केला आणि म्हणाली, "घ्या मंग बाई. त्यायनं येवढं राखून ठेवलं, वाया कायले घालवाचं."